दोन घंट्यांचा कागद

अर्धा टाइप झालेला कागद यंत्रातून ओढून काढला की एक आवाज होतो. खटका सोडून कागद हलकेच काढायचा असतो, पण घाईत खटका सोडायला सवड कुणाला? मग रोलरचे दाते करकरतात आणि कागद सुटताना फर्र करतो. कचेरीच्या नोकरीत मी पुष्कळ वाईट आवाज ऐकले. सत्कार समारंभात माइक किंचाळताना ऐकला, मोठ्या माणसांना पंगतीनंतर ढेकर देताना ऐकलं. पण किळस आली ती या आवाजाची. एका उन्हाळ्यात तो मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकला.

सत्तरच्या दशकातली दुष्काळाची सालं होती. सोलापुरात सात रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची सरकारी कचेरी होती. नेमकी कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या सारख्याच होत्या. मी तिथे कारकून होतो. मराठी टाइपरायटर कागदोपत्री दोन होते. त्यातला एक दुरुस्तीला गेला होता आणि तिथेच रमला होता. दुसऱ्यावर आमच्या टायपिस्ट बाई बसत. बाई शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, कचेरीत मराठी, आणि राग आला की दोन्हींची मिळून एक तिसरीच भाषा. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं आणि आमच्या दोघांच्या पाठीशी साहेबांच्या खोलीचं झुलतं अर्धं दार.

साहेब त्या वर्षी नवे आले होते. आल्या आल्या पुण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना एक शब्द घेऊन आले: गती. काही माणसं परगावाहून पेढे आणतात.

"जगात आता एक काम संपवून दुसरं हातात घेत नाहीत," त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं. "सगळी कामं एकाच वेळी उघडी पाहिजेत. बंद कागद म्हणजे मेलेला कागद!"

मग सुताराकडून चार कप्प्यांचा एक लाकडी खोका करवून घेतला आणि तो बाईंच्या टेबलावर ठेवला. कप्प्यांवर आकडे रंगवून घेतले. पहिल्यात वर पाठवायचे अहवाल. दुसऱ्यात टंचाई, म्हणजे टँकर आणि विहिरी. तिसऱ्यात मोठ्या लोकांचे दौरे आणि समारंभ. चौथ्यात उरलेलं जग. प्रत्येक कप्प्यात एक कागद अर्धा टाइप करून तयार ठेवायचा. साहेबांच्या टेबलावर विजेच्या घंटीचं बटण होतं. एक घंटी वाजली की पहिल्या कप्प्यातला कागद यंत्रात चढला पाहिजे, दोन वाजल्या की दुसऱ्यातला, तीन वाजल्या की तिसऱ्यातला. चौथ्याला घंटीच नव्हती. आणि बटण दाबूनच धरलं तर आत्ता जो काढला तो परत चढवायचा.

पहिल्याच दिवशी पहिली घंटी वाजली आणि शिपाई उठून आत गेला. अक्कलकोटकडचा माणूस, कानडीत विचार करून मराठीत बोलणारा, त्यामुळे सावकाश आणि अचूक. इतकी वर्षं एक घंटी म्हणजे तोच होता.

"तुला कुणी बोलावलं?" साहेब ओरडले.

"घंटीनं की साहेब."

"ती बाईंची घंटी आहे."

"मग माझी कुठली?"

याचा विचार पुण्यात झालेला नव्हता. शेवटी शिपायासाठी साहेबांनी टेबलावर पेपरवेट आपटायचं ठरलं. थोड्याच दिवसांत टेबलाच्या काचेला तडा गेला, आणि नव्या काचेचं मागणीपत्र अर्धं टाइप होऊन चौथ्या कप्प्यात पडलं.

ज्यांनी टाइपरायटर फक्त लांबून पाहिला आहे त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. एक हुकूम म्हणजे एक कागद नसतो. पाच प्रती, मध्ये चार कार्बन, असा तो गठ्ठा. तो एकदा बाहेर काढला की पुन्हा तसाच बसत नाही. वरचा कागद ओळीत आला तर खालचे सरकलेले. मूळ प्रतीत ओळ सरळ दिसे आणि तिसऱ्या प्रतीत तीच ओळ मधूनच पायरी उतरल्यासारखी खाली जाई. कार्बन चुरगळे, त्याच्या सुरकुत्या काळ्या शिरांसारख्या कागदभर उमटत. बाईंची बोटं काळी, पदर काळा, कपाळावरचा घाम पुसला की कपाळही काळं. त्या गठ्ठ्याच्या कोपऱ्याला टाचणी लावून ठेवत. ओळ कुठे थांबली ते कळावं म्हणून कडेला पेन्सिलीची रेघ मारत. साहेबांना ती रेघ दिसली.

"सरकारी कागदावर रेघोट्या? हे काय आहे?"

"खूण आहे साहेब. कुठं थांबलो ते कळायला."

"थांबायचंच नाही आपल्याला," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर इतके खूश झाले की आत जाऊन दोन घंट्या वाजवल्या.

आणखी एक नियम त्यांनी केला होता. मजकूर सुचला की ते खोलीतून बाहेर येत, बाईंच्या मागे उभे राहत, छताच्या पंख्याकडे पाहत आणि सांगू लागत. ते सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. बोललं की गती तुटते. त्यामुळे यंत्रात कुठला कागद आहे हे साहेबांना कधीच माहीत नसे आणि बाईंना सांगता येत नसे.

त्या दिवसांत आमच्या बाकावर एक माणूस बसून असे. सांगोल्याकडच्या एका वाडीचा, पन्नाशीचा, डोक्याला मळका पटका. सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्या वाडीतल्या विहिरी आटल्या होत्या. शेजारच्या गावानं आपल्या विहिरीवर येऊ देणं बंद केलं होतं. वाडी मेंढरं आणि चूलबोळकं घेऊन निघायच्या बेतात होती आणि यानं सगळ्यांना थांबवून धरलं होतं. टँकरचा कागद आणतो, तोवर हलू नका, म्हणून. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. वाडी उठली तर तिला नेता येत नव्हतं आणि ठेवता येत नव्हतं.

टँकर मंजूर होता. मसुद्यावर साहेबांची सही झाली होती. चार दिवसांआड एक खेप. फक्त हुकूम टाइप होऊन त्यावर सही-शिक्का व्हायचा होता. पण हा कागद दुसऱ्या कप्प्यातला आणि तेव्हाच तिसऱ्या कप्प्यात एक दौरा येऊन पडला होता. वरून कुणी मोठे पाहुणे दुष्काळाची पाहणी करायला येणार होते. त्यांच्यासाठी मैदान, मांडव, कमान, मानपत्र. मैदानावर धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचं, त्याचाही एक हुकूम.

दोन घंट्या वाजत. मामा बाकावर सावरून बसे. घंट्यांचा हिशेब आता त्यालाही कळला होता. बाई टाचणी काढून गठ्ठा चढवत, ओळ जुळवत, चार शब्द उमटत आणि तीन घंट्या वाजत. फर्र.

"काडला का वो?" मामा विचारी.

"काढला," मी म्हणे.

"कितपत आला हुता?"

"'उपरोक्त विषयास अनुसरून' पर्यंत."

"कालबी तितंच हुता की."

असंच चाललं होतं. सकाळच्या एसटीनं यायचं, पोस्टासमोरच्या नळावर पोटभर पाणी पिऊन यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं. वाडीतली माणसं रस्त्यावरच उभी असायची म्हणे. कागदाचं विचारायला.

एके दुपारी दोन घंट्या वाजल्या. बाईंनी मामाचा कागद चढवला. वाडीचं नाव, तालुका, टँकर देण्यात येत आहे, इथपर्यंत मजकूर आला. तेवढ्यात दार हेलकावलं आणि साहेब बाहेर आले. दौऱ्याच्या मजकुरात होते. नजर पंख्यावर लागली होती.

"घ्या. सदर ठिकाणी सदर टँकरने दररोज सकाळी एक व सायंकाळी एक अशा दोन खेपा..."

"साहेब, हा कागद..." बाईंनी मान वळवली.

"मध्ये बोलू नका! दोन खेपा कोणत्याही परिस्थितीत कराव्यात. माननीय पाहुण्यांचे आगमन होईपर्यंत यात खंड पडू नये. कसूर झाल्यास संबंधितांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. पुढे घ्या. कमानीजवळ गुलाबपाणी शिंपडण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी."

"साहेब, यंत्रात दुसरा..."

"बाई! गती!"

 बाईंनी माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि टाइप करू लागल्या. इतक्या स्वच्छ आणि जोरकस ठोक्यांत त्या एरवी टाइप करत नसत. मजकूर संपला. साहेबांनी उभ्याउभ्याच गठ्ठा मागितला, पाचही प्रतींवर सह्या ठोकल्या, खाली एक वळणदार रेघ ओढली आणि चहाला आत गेले. वर वाडीचं नाव, खाली पाहुण्यांची खातिरदारी. आमच्या भाषेतल्या 'सदर' या शब्दात काहीही बसतं.

शिक्का बसला, जावक क्रमांक पडला, एक प्रत मामाच्या हातात गेली. तो वाचणारा माणूस होता. बोट लावून सावकाश खालपर्यंत वाचलं. मग माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला,

"भाऊसाहेब, रोज दोन खेपा?"

"तसं लिहिलंय."

"आमी तर चार दिसाआड मागितली हुती."

"सरकार उदार झालंय."

त्यानं पुन्हा बोट फिरवलं. "ह्ये गुलाबपानी कशापायी? आमच्या वाडीत कमान न्हाय. येशीला दोन दगडं हायती उभी. चालंल न्हवं?"

बाई इतका वेळ खोक्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "मामा, एसटी चुकंल तुमची. जावा आधी."

तो गेला. टँकरवाल्यानं हुकूम वाचला, 'व्यक्तिशः जबाबदार' हे शब्द पाहिले आणि त्याच संध्याकाळी पहिली खेप वाडीला गेली.

मैदानावर मात्र पाणी पडलं नाही. साहेब गाडीतून पाहणीला गेले आणि धुळीनं माखून परत आले. चौकशी झाली, कागद निघाला, आणि कागदाच्या खाली पाचही प्रतींवर साहेबांचीच सही निघाली. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही. पण बाईंना दोषी धरायचं तर आपण न वाचता सही केली हे लिहून द्यावं लागलं असतं. साहेब आत जाऊन बसले. मग एक घंटी वाजली आणि ते उजळल्या चेहऱ्यानं बाहेर आले. 

एक घंटी म्हणजे वर पाठवायचा अहवाल. त्यात साहेबांनी सांगितलं की, सांगोला भागातल्या एका वाडीत प्रायोगिक तत्त्वावर दररोज दोन खेपांची अभिनव योजना आपण स्वतः राबवली असून, तिथला पाणीप्रश्न कायमचा सुटला आहे. 'कायमचा' हा शब्द त्यांनी दोनदा घ्यायला लावला. मैदानासाठी दुसरा टँकर आणवला. तो कुठून, कुणाच्या वाटणीचा, हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

पाहुणे काही येईनात. दौरा पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला. झेंडूचे हार सुकले, नवे आणले, तेही सुकले. मानपत्रात 'भगीरथ' हा शब्द होता तो बदलून 'कर्मयोगी' केला आणि पुन्हा 'भगीरथ' केला. प्रत्येक वेळी तीन घंट्या. तिकडे पाहुणे येत नव्हते तोवर हुकुमाप्रमाणे वाडीला पाणी मिळत होतं. मामा बाकावर दिसेनासा झाला. एकदा बाजाराला आला होता तेव्हा डोकावून गेला. वाडी हलली नव्हती. म्हातारीला महिन्यांनी अंगभर पाण्यानं न्हाऊ घातलं, असं त्यानं बाईंना सांगितलं. पुरुष माणसं अशा गोष्टी कचेरीत सांगत नाहीत.

मग पाहुणे आले. गाड्यांची रांग, भिजवलेलं मैदान, तापलेल्या मांडवात पावडर आणि घामाचा वास. पाहुण्यांनी एक मूठ कोरडी माती हातात घ्यावी असं कार्यक्रमपत्रिकेत होतं. मैदान इतकं भिजवलेलं होतं की कोरडी माती कुठे मिळेना. शिपायाला पिशवी देऊन बाहेर पाठवलं. त्यानं कुंपणापलीकडून माती आणली, पाहुण्यांनी ती मुठीत धरली, फोटो निघाला. माती टाकून हात धुवायला तांब्याभर पाणी पुढे आलं, मग आणखी एक तांब्या. मी मागच्या ओळीत होतो. तिथून तांबे मोजत होतो.

साहेबांच्या अभिनव योजनेचं भाषणात कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीला टँकर गेला नाही. हुकुमात लिहिलं होतं: आगमन होईपर्यंत.

मामा पुढच्याच एसटीनं आला. या वेळी बाकावर बसला नाही, सरळ दारापाशी उभा राहिला. साहेबांनी त्याला आत घेतलं. शब्दन् शब्द आम्हाला बाहेर ऐकू येत होता.

"तुमच्या वाडीचा प्रश्न सुटलेला आहे," साहेब म्हणाले.

"कवा सुटला साहेब?"

"अहवालात आहे. कायमचा सुटला आहे. आता तुम्हाला टँकर दिला तर तो सुटला नाही असा अर्थ होतो."

"पर पानी न्हाय की."

"अहवालाप्रमाणे आहे."

मामा बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्यानं भर बाजारात आपल्या अंगावर थुंकावं आणि आपल्याला ते नीट समजूच नये, तसा तो दिसत होता. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही.

"माणसं बांधाबांध कराया लागली," तो म्हणाला. "आता कुणाला थांबा म्हणू? म्हातारीला काय सांगू?"

"नवा अर्ज करा," मी म्हणालो. म्हणताना माझीच मला शिसारी आली.

"अर्ज कशाला? त्या पाव्हन्यालाच बलवा की पुन्ना. आमच्या वाडीला येनार म्हना. आला न्हाय तरी चालंल. न्हाय आला तर लईच बरं."

बाईंना हसू फुटलं, मलाही. ते हसू चांगलं नव्हतं. मामा मात्र हसला नाही. आणि मागे दार हेलकावलं. साहेब दारात उभे होते. ऐकलं होतं त्यांनी. आता हा माणूस कचेरीतून हाकलला जाणार, असं मला वाटलं.

साहेबांची नजर पंख्याकडे गेली होती.

"योजनेची प्रत्यक्ष पाहणी," ते सावकाश म्हणाले. "पाहुण्यांनी वाडीत जाऊन स्वतः पाहावं. आदर्श वाडी. बाई, घ्या."

बाईंनी विचारलं, "कुठला कागद साहेब? दोन नंबर का तीन नंबर?"

"तीन! दौरा आहे हा!"

तिसऱ्या कप्प्यातून नवा गठ्ठा चढला. पाहुण्यांना विनंती. मार्गाची आखणी. वाडीच्या वेशीवर कमान. आणि अर्थात पाणी: पाहणीच्या वेळी वाडीत पाणी दिसलं पाहिजे, सबब माननीय पाहुण्यांचे आगमन होईपर्यंत टँकरच्या दररोज दोन खेपा सुरू ठेवाव्यात. एक ओळही न थांबता बाई खालपर्यंत गेल्या. त्या दिवशी तो कागद यंत्रातून मध्ये निघाला नाही, कारण तो पाण्याचा नव्हता, पाहुण्यांचा होता.

मामा सगळं उभ्यानं ऐकत होता. हातात प्रत पडली तेव्हा त्यानं ती वाचली नाही. घडी घालून पटक्यात खोचली आणि आता कुठे तांब्या तोंडाला लावला. जाताना बाईंच्या टेबलाशी वाकला.

"बाई, खरं सांगा. त्यो पाव्हना येनार न्हाय न्हवं?"

"तुमच्या वाडीला?" बाई कार्बन झटकत म्हणाल्या. "पाहुण्यांच्या गाड्या जातील असा रस्ता तरी आहे का तिकडं?"

"न्हाय."

"मग काळजी करू नका."

उरलेल्या उन्हाळ्यात तो आठवड्याला एकदा येऊन जात असे. बाकावर बसत नसे. पाव्हना येणार का, एवढंच दारातून विचारी, आणि आम्ही मान हलवून नाही म्हणालो की निघून जाई.